हिरवीच्या पोटातले पाच ठोके

वीज गेली म्हणजे आता तासभर तरी यायची नाही. कंदील मध्येच ठेवतो. तुम्ही त्या खुर्चीत बसू नका, तिचा पाय मी जोडलेला आहे. मला इंजिनं जोडता येतात, खुर्च्या नाहीत. ही कॉफी घ्या. तिच्यात निम्मे भाजलेले वाटाणे आहेत, पण गरम आहे, आणि आम्हा कार्देनास गावच्या लोकांना आता निव्वळ कॉफी दिली तर ती बाधते. बायको आत भात शिजवते आहे, म्हणून जरा हळू बोलतो. ही गोष्ट तिला माहीत आहे. शेवट तेवढा माहीत नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. आमचं भूत तसलं नव्हतं. आयुष्यभर दुपारी चारच्या पाळीला टॅक्सी काढणारा माणूस तो, मेल्यावरही त्याने वेळ बदलली नाही.

ओनेलिओ त्याचं नाव. माझा मित्र. त्याची गाडी चोपन्न सालची, अमेरिकेतून बोटीने आलेली, फिकट हिरवी. सगळं गाव तिला हिरवीच म्हणायचं. कार्देनास ते मातान्सास आणि परत, अशी चाळीस वर्षं त्याने ती पळवली. माणूस गमत्या, पण दोन बाबतींत त्याच्याशी गंमत चालत नसे. एक म्हणजे गाडीचं दार. मागचं उजवं दार बिजागरीत खचलेलं होतं. ते किंचित वर उचलून अलगद ओढून घ्यावं लागायचं. कोणी आपटलं की ओनेलिओ भर रस्त्यात गाडी थांबवायचा, प्रवाशाला खाली उतरवायचा आणि दार पुन्हा नीट लावून घ्यायचा, मग तो प्रवासी पोलीस का असेना. दुसरी बाब इंजिन. सहा सिलिंडरचं मूळ इंजिन, लिटरभर पेट्रोल पिऊन जेमतेम पाच किलोमीटर जाणारं. आम्ही सगळे सांगून थकलो की बाबा रे, एखादं लहानसं डिझेल बसवून घे. तो म्हणायचा, मी मेल्यावर बसवा.

आणि त्याला एक सवय होती. डाव्या हातातल्या लग्नाच्या अंगठीने तो सतत ठेका धरायचा, स्टिअरिंगवर, ताटावर, पलंगाच्या दांडीवर. तीन ठोके, जरा थांबून दोन. आमच्याकडे पोरं चालायला लागण्याआधी हा ताल शिकतात. एकटा मी सोडून. माझ्या बहिणीच्या लग्नात मी टाळ्या वाजवायला लागलो, तेव्हा वादकांनी वाद्यं खाली ठेवली, माझ्या हातात रमची अख्खी बाटली दिली आणि हात जोडून मला अंगणात पाठवलं. हसू नका, हे पुढे लागणार आहे.

तर एके दिवशी ओनेलिओ घरी आला तो रिकाम्या बोटाने. म्हणाला, वारादेरोच्या समुद्रात हात धुतले, तिथेच निसटली असणार. सोराइदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते ऐकून घेतलं आणि मातान्सासच्या थांब्यावर कॉफी विकणाऱ्या एका बाईचं नाव घेतलं. त्यानंतर आठ वर्षं ती दोघं एका छपराखाली राहिली, पण सोराइदा पुन्हा हिरवीत बसली नाही. आणि तीन वर्षांपूर्वी ओनेलिओ गेला. आंब्याखाली गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, दुपारी चार वाजता, प्रवाशांची वाट बघत. दारं चारही नीट लावलेली होती.

माझं सोराइदावर प्रेम होतं. आडपडदा कशाला ठेवू, वीस वर्षांपासून होतं. ओनेलिओ होता तेव्हा मित्राची बायको म्हणून गप्प बसलो आणि तो गेल्यावर धीर होत नव्हता म्हणून.

मार्च महिन्यात एका सकाळी ती माझं लोखंडी पातेलं परत द्यायला आली. त्यातून मी तिला काळ्या घेवड्याची उसळ पाठवली होती. पातेलं पुसत पुसत म्हणाली, हिरवी आता मीच चालवणार, पण पेट्रोलच्या रांगेत उभं राहून पायांचे खांब झालेत, तेव्हा डिझेल बसवून दे.

मी म्हटलं, बसवतो.

"आणि ऐक फेर्मिन. त्या खोटारड्याचं इंजिन एकदा माझ्या दारातून गेलं, गाडी मातान्सासला जाऊन आली, की मी त्याच्यातून मोकळी. मग तुझ्या घशाशी वर्षानुवर्षं जे काही अडकलंय ना, ते विचार."

पातेलं माझ्या पायावर पडलं. नख अजून काळं आहे.

एका बेकरीची मोडलेली गाडी माझ्या पाहण्यात होती, तिच्यातलं जपानी डिझेल इंजिन मी मिळवलं. जुन्याच्या निम्म्या आकाराचं, आणि लिटरला चौदा किलोमीटर देणारं. सोराइदाच्या अंगणातल्या आंब्याच्या फांदीला साखळी बांधली, रमचा पहिला घोट रिवाजाप्रमाणे जमिनीवर मेलेल्यांसाठी ओतला, दुसरा स्वतः घेतला आणि जुनं इंजिन वर उचललं. ते हातगाडीवर घालून माझ्या अंगणात आणलं. आता ते उघडायचं होतं, कारण आमच्याकडे जुन्यातलं काही टाकून देत नाहीत. खालचं ऑइल चेंबर काढलं. तळाशी चाळीस वर्षांचा काळा गाळ साचलेला. त्यात बोटं घातली, आणि बोटांना काहीतरी गोल लागलं.

अंगठी. आत कोरलेलं होतं: सो आणि ओ.

मी तिथेच जमिनीवर बसलो. काय झालं असेल ते मिस्त्रीला सांगावं लागत नाही. झाकण उघडून व्हॉल्व्ह नीट करताना तेलकट बोटावरून ती निसटली असणार आणि आतल्या आत खाली गेली असणार. ओनेलिओला कळलंही नाही. घरी निघताना वाटेत त्याने समुद्रात हात धुतले आणि तेव्हा बोट रिकामं दिसलं. बिचारा खरंच सांगत होता. त्याचा समुद्र चुकला होता, पण बाई नव्हतीच.

मी उठून ती अंगठी सोराइदाच्या हातात द्यायला हवी होती. अंगणापासून तिचं दार चाळीस पावलांवर. पण मला वाटलं, हिने जर आता त्याला माफ केलं, तर ही पुन्हा त्याची होईल. रागावलेली विधवा लग्नाला तयार होते. रडणारी विधवा रविवारी फुलं घेऊन कबरीवर जाते. वीस वर्षं थांबलो होतो मी. लाज वाटते सांगताना, पण मी मेलेल्या मित्राला खोटारडाच राहू दिलं.

आणि अंगठी लपवायला जागाही आयती होती. नवीन इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं एकमेकांना जुळत नाहीत, मध्ये एक जाड प्लेट घालावी लागते. ती दुकानात मिळत नाही. आम्ही ती घरीच ओततो. जुन्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे पिस्टन कोळशाच्या भट्टीत वितळवायचे आणि वाळूच्या साच्यात ओतायचे. त्या दिवशी रसरसलेल्या मुशीत मी सहा पिस्टनांबरोबर सातवी वस्तू टाकली. ती आत गेली. साधा बुडबुडाही आला नाही.

गाडी तयार झाली तो गुरुवार होता, दुपारचे चार वाजत आले होते. अर्धी गल्ली आंब्याखाली जमलेली. किल्ली फिरवली, डिझेल खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी पाय काढून घेतला आणि इंजिन संथ चालू दिलं. तेव्हा ते ऐकू आलं. पोटातून, अगदी मधल्या प्लेटपाशी. टक, टक, टक. जरा थांबून, टक टक. पुन्हा तसंच.

गल्लीला काय, निमित्तच हवं असतं. समोरच्या घरातला म्हातारा कमरेवर हात ठेवून नाचायलाच लागला. कोणीतरी ओरडलं की फेर्मिनला जन्मात ताल धरता आला नाही, पण इंजिनाला शिकवला. सगळे हसत होते. सोराइदा हसत नव्हती. ती पुढे आली आणि तिने बॉनेटवर तळहात ठेवला.

"हा ठोका तू बसवलास?" तिने हळू विचारलं.

मी म्हटलं, एखादा नट सैल असेल.

दोन दिवस मी ती गाडी उघडत आणि बंद करत होतो. एक नट सैल निघाला असता तर मी त्याचा मुका घेतला असता. सगळं घट्ट होतं. इतर वेळी इंजिन बेकरीतल्या मांजरासारखं गुरगुरायचं, चार वाजले की ठोके सुरू. शनिवारी मी एकटाच गाडी समुद्राच्या रस्त्याने फिरवून आणली. ऊन लखलखीत, खिडक्या उघड्या. आणि आत पेट्रोलचा वास येत होता. डिझेलच्या गाडीत, जिच्या टाकीत पेट्रोलचा थेंब उरला नव्हता. परत येऊन आंब्याखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मागे खट्ट झालं. उजवं दार उघडलं… मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली, वजन उतरल्यावर कुरकुरते तशी… मग दार किंचित वर उचललं गेलं आणि अलगद लागलं. नवख्या माणसाला ते दार तीनदा आपटावं लागतं. मी मागे वळून बघितलं नाही. किती वेळ बघितलं नाही ते विचारू नका, मानेला उसण भरली होती.

घरी इलारियामावशी होती. ऐंशी वर्षांची, तोंडात विझलेली चिरूट, दाराआड मेलेल्यांसाठी पाण्याचा पेला ठेवणारी. तिला मी सांगितलं.

तिने विचारलं, "त्याचं काय घेतलंयस?"

"काही नाही."

"मग मला कशाला सांगतोस? त्यालाच सांग, काही नाही म्हणून."

रविवारी सोराइदा निळा झगा घालून आली आणि माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती हिरवीत बसत होती. म्हणाली, मातान्सासला पोचलो की विचार. मला गाडी चालवताना शीळ घालावीशी वाटत होती, आणि रडावंसंही वाटत होतं.

कानिमार नदीच्या पुलाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना घायपाताची शेतं आहेत. त्या दिवशी ती पेटली होती. वाऱ्याने धूर रस्त्यावर लोटला, आणि बघता बघता भर दुपारी चार वाजता सगळं काळं झालं. बॉनेट दिसेना. कडवट, ओल्या दोरखंडासारखा वास. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. समुद्र ऐकू येईना, जळणारी शेतंही ऐकू येईनात.

टक… टक… टक.

इंजिन बंद होतं. किल्ली माझ्या हातात होती.

टक टक.

"फेर्मिन," सोराइदा कुजबुजली, "तू वाजवतोयस का?"

"मला येत नाही… तुला माहीत आहे, मला येत नाही."

ठोके आमच्या पायांखालून येत होते. मग ते सरकले. सीटच्या खालून, मागे. मागच्या दाराच्या पत्र्यावर. धातूवर धातू. सोराइदाने माझा हात धरला. तिने मागे न बघता विचारलं, "ओनेलिओ?"

ठोके थांबले. त्या थांबण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"याला काय हवंय, ते तुला माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा चेहरा मला अंधारातही दिसतो. बोल."

मी बोललो. ऑइल चेंबर, गाळ, अंगठी, मूस, सगळं. का टाकली तेही सांगितलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं लग्नाचं बोलणं मी असं केलं, धुरात, मित्राच्या भुतासमोर, चोरीच्या कबुलीसकट. बोलून झाल्यावर वाटलं, संपलं. ही आता उतरून चालत जाईल आणि मला पुन्हा कधी तिचं पातेलं पुसणं दिसणार नाही.

तिने माझा हात सोडला.

"आठ वर्षं," ती म्हणाली, "मी त्याला थंड भात वाढला, फेर्मिन."

मग ती सीटवर गुडघे टेकून मागे वळली आणि अंधाराशी बोलू लागली. माफ कर म्हणाली. रडली. आणि रडता रडताच त्याला झापलंही, की गाढवा, माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं, समुद्राचं नाव कशाला घेतलंस. मागे सीटची स्प्रिंग कुरकुरली. दार उघडलं, वर उचललं गेलं, अलगद लागलं. वारा फिरला, आणि समोर पूल दिसला, खाली नदी, उन्हात.

मी विचारलं, परत फिरू का? ती नाक पुसत म्हणाली की नाही, मातान्सासलाच चल, त्या बाईला आठ वर्षं शिव्या दिल्यात, निदान एक कॉफी तरी पिऊ. कॉफीवाली अजून थांब्यावरच होती. ओनेलिओचं नाव काढताच ती म्हणाली, "तो होय? माझी कॉफी तोंडात धरून पलीकडे जाऊन थुंकायचा." सोराइदाने तिला मिठी मारली. तिला बिचारीला काहीच कळलं नाही.

त्यानंतर चाळीस दिवस सोराइदा माझ्याशी बोलली नाही. हिरवी मात्र चालवत होती, लिटरला चौदा, ठोका नाही, वास नाही. एकेचाळिसाव्या दिवशी ती अंगणात येऊन उभी राहिली. हातात रिकामं पातेलं.

ती म्हणाली, "तो खरं बोलला आणि त्याला मी आठ वर्षं शिक्षा दिली. तू चोर आहेस, पण शेवटी खरं बोललास. तीच चूक मी दोनदा करणार नाही. ती प्लेट काढ. त्याची वस्तू मला डोळ्यांसमोर हवी."

मी इंजिन पुन्हा उतरवलं. प्लेट काढून पुसली. पांढऱ्या ॲल्युमिनियममध्ये एक जांभळं कडं दिसत होतं. पूर्ण गोल, बोटाएवढं. मागच्या गल्लीतल्या सोनाराने सांगितलं की सोनं ॲल्युमिनियममध्ये मिसळलं की जांभळं होतंच, त्यात नवल काही नाही. मग ते पसरायचं सोडून पुन्हा गोल कसं झालं, असं मी विचारलं. त्याने प्लेट माझ्याकडे परत ढकलली आणि दुकान लवकर बंद केलं.

ते कडं मी करवतीने कापून काढलं, प्लेट दुसरी ओतली. जूनमध्ये आमचं लग्न झालं. अख्खं डुक्कर भाजलं, हिरवीला फुलं लावली, आणि वादकांनी गंमत म्हणून माझी दोन्ही मनगटं रुमालाने बांधून ठेवली. सोराइदाने ते जांभळं कडं माझ्या बोटात घातलं. म्हणाली, तू घाल, म्हणजे आपण तिघंही खरं बोलत राहू. ओनेलिओ काडीसारखा होता, माझी बोटं तुम्ही बघताच आहात. तरी ते घासावं लागलं नाही. बरोबर बसलं.

आता निघत नाही. साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं.

सुखात आहे मी, खोटं सांगत नाही. फक्त दुपारी जेवून पडल्यावर कधीकधी चारच्या सुमाराला जाग येते. माझा हात पलंगाच्या दांडीवर असतो आणि बोट वाजत असतं. तीन, मग दोन. एकही ठोका चुकत नाही. मी, फेर्मिन, ज्याला टाळीही जमत नाही. शेजारी सोराइदा झोपेतच हसते, माझ्या हातावर हात ठेवते आणि पुन्हा गाढ झोपते. तिला अजून सांगितलेलं नाही. एकदा तिच्यापासून लपवलं तेव्हा काय झालं ते आत्ताच ऐकलंत. पण हे कोणत्या तोंडाने सांगू? ती इतकी खूश दिसते.

थांबा, आतून हाक येते आहे. ऐकलंत?

"ओनेलिओ, पाहुण्यांना घेऊन ये, भात गरम आहे."

तिच्या लक्षातही आलं नाही काय म्हणाली ते. आणि तुम्ही बघितलंत ना, मी उठलोसुद्धा.